आईचा पेपर

गेले सहा शनिवार-रविवार कुठे गायब असतोस, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी "घरी जरा काम होतं" एवढंच सांगून सटकत होतो. खरं उत्तर दिलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. मी मार्जिन सरळ करत होतो. आईच्या पेपरचे.

पेपर म्हणजे वर्तमानपत्र नाही आणि दहावीच्या गठ्ठ्यातला तर नाहीच. रिसर्च पेपर. विषय: टिकली. पाठवायचा होता सेमिऑटिक्सच्या एका परदेशी जर्नलला. (जर्नलचं नाव सांगत नाही. पेपर अजून छापून यायचाय, आणि आईने आयुष्यभर भाषाविज्ञान शिकवलं असलं तरी दृष्ट लागते यावर तिचा पूर्ण विश्वास आहे.)

आई जयसिंगपूरला एका कॉलेजात मराठी शिकवायची. २०२४ मध्ये रिटायर झाली. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी मला पुण्याला फोन.

"अरे, एक पेपर आहे. लिहून झालाय. फक्त फॉर्मॅटिंग राहिलंय. तू कॉम्प्युटरवालाच आहेस ना?"

"कॉम्प्युटरवाला" या एका शब्दात आपल्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचं, सहा वर्षांच्या अनुभवाचं आणि परवाच मिळालेल्या प्रमोशनचं जे काही होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यात प्रिंटर दुरुस्ती येते, गॅसचं ऑनलाईन बुकिंग येतं, तसंच हेही. म्हटलं, दोन तासांचं काम. शुक्रवारच्या रात्रीच्या बसने निघालो.

फाईल उघडली आणि परत मिटली.

चाळीस पानं. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार आठ वेळा दाबून. नवीन पान हवं तिथे एंटर, एंटर, एंटर. तळटीपा हाताने टाईप केलेल्या, त्यांच्यापुढे चांदण्या. वरती एक ओळ वाढली की खालच्या सगळ्या तळटीपा पुढच्या पानावर जाऊन मधेच उभ्या राहायच्या, लग्नात चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरलेल्या पाहुण्यांसारख्या. आणि शेवटची नऊ पानं तर वाचताच येईनात. तिथे नुसते स्वल्पविराम, डॉलर, उलटसुलट इंग्रजी अक्षरं.

"आई, हे काय आहे?"

"मुलाखती आहेत की! कॉलेजच्या कॉम्प्युटरवर दिसतात."

दिसणारच. त्या श्रीलिपीत टाईप केलेल्या होत्या. जुन्या मराठी फाँटांमध्ये आत साठवलेलं असतं इंग्रजीच अक्षर, फाँट फक्त त्यावर मराठी मुखवटा चढवतो. फाँट नसेल तर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ती भानगड नाही. हे मी आईला समजावून सांगत होतो, तर तिचे डोळे एकदम चमकले.

"म्हणजे खूण तीच, पण संकेत माहीत नसेल तर अर्थ शून्य. अरे, हाच तर सोस्यूर!"

तर सेमिऑटिक्स म्हणजे काय, हे मला असं कन्व्हर्टर शोधता शोधता कळलं. मराठीत चिन्हमीमांसा. कशाचा अर्थ काय, यापेक्षा कशालाही अर्थ मुळात येतो कसा, याचा अभ्यास. यातले दोन आजोबा. एक स्वित्झर्लंडचा फर्डिनांड द सोस्यूर (१८५७-१९१३), दुसरा अमेरिकेचा चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९-१९१४). स्पेलिंग बघून मी त्याला पिअर्स म्हणालो, तर आईने वर न बघता "पर्स. खांद्याला लावतात ती" असं दुरुस्त केलं.

सोस्यूरचं म्हणणं असं, की चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नसतो, बाकीच्या चिन्हांपेक्षा ते वेगळं असतं म्हणून अर्थ येतो. लाल कुंकवाला अर्थ आहे, कारण समोर काळी टिकली आहे आणि कोरं कपाळ आहे. आणि कोरं कपाळ म्हणजे काहीच नाही असंही नाही. माझं कपाळ कोरं असतं, त्याचा कुणी काही अर्थ लावत नाही. आईच्या वयाच्या बाईचं कपाळ कोरं असलं की बसमध्ये शेजारची बाई आवाज खाली आणते. नसण्याचंच चिन्ह होतं. रोमान याकबसनने १९३९ मध्ये अशा "शून्य चिन्हा"वर लिहिलं आणि आपल्या पाणिनीने लोपाची कल्पना त्याच्या दोनेक हजार वर्षं आधी व्याकरणात पक्की केली होती.

"म्हणजे नल आणि एम्प्टी स्ट्रिंग," मी म्हणालो.

"म्हणजे?"

म्हटलं, एखादा रकाना भरलाच नाही ही एक गोष्ट, आणि रकान्यात मुद्दाम काहीही न लिहिता तो भरला ही दुसरी. दोन्ही दिसायला रिकामेच, पण प्रोग्रॅम दोघांशी वेगळं वागतो. आई दोन मिनिटं गप्प बसली आणि वहीत लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य आईने लिहून घेतलं. असो.

मग आलं जर्नलचं शैलीपत्रक. माझी समजूत अशी, की कुठला फाँट आणि किती पॉइंट, झालं. पण त्यातला एकेक नियम म्हणजे एकेक प्रश्न निघाला. उदाहरणार्थ, शब्द शब्द म्हणून वापरला तर तो तिरक्या टाईपात. त्याचा अर्थ सांगायचा तर एकेरी अवतरणात. आणि खरीखुरी वस्तू असेल तर साधा टाईप. म्हणजे "टिकली तीन अक्षरी आहे", "टिकली म्हणजे कपाळावरची खूण" आणि "टिकली आरशाला चिकटली आहे" या तीन वाक्यांतली टिकली तीन वेगळ्या टाईपांत. सी शिकताना पॉइंटर आणि व्हॅल्यू यांत गोंधळ घालून ज्यांनी मार खाल्लाय त्यांना हे पटकन समजेल. चाळीस पानांत "टिकली" हा शब्द २१२ वेळा होता. फाईंड-रिप्लेसने जमत नाही, कारण मशीनला कळत नाही बाई शब्दाबद्दल बोलतेय की वस्तूबद्दल. प्रत्येक ठिकाणी थांबून वाचावं लागतं. असा मी तो पेपर पहिल्यांदा खरोखर वाचला.

पेपरचा कणा होता हेरवाड. आमच्याच शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. पेपरात बातमी आली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आईचा प्रश्न असा: सोस्यूर म्हणतो एकटा माणूस चिन्ह बदलू शकत नाही, ते समाजाचं असतं. मग ठराव करून बदलतं का? त्यासाठी तिने आजूबाजूच्या गावांतल्या चौदा बायकांशी बोलून मुलाखती घेतल्या होत्या. निवेदक १ ते निवेदक १४.

संदर्भयादीने मला दोन रविवार खाल्ले. या जर्नलमध्ये सेमिऑटिक सोसायटी ऑफ अमेरिकेची पद्धत होती. ते शैलीपत्रक १९८६ मध्ये छापून आलं आणि त्यात एक अफलातून नियम आहे. लेखकाच्या नावापुढचं साल त्याच्या हयातीतलंच हवं. म्हणजे तुमच्या हातातली आवृत्ती कधीची, हे नंतर द्या, पण आधी माणूस ते कधी बोलला-लिहिला ते सांगा. जमिनीचे थर असतात तशी यादी.

सोस्यूरचंच बघा. त्याचं जगप्रसिद्ध पुस्तक १९१६ चं. तो गेला १९१३ मध्ये. त्याने ते लिहिलंच नाही! १९०७ ते १९११ मध्ये त्याने जिनिव्हाला तीनदा हा विषय शिकवला, पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि त्यावरून दोन सहकाऱ्यांनी पुस्तक तयार केलं. आईकडे आहे ती वेड बास्किनच्या १९५९ च्या इंग्रजी भाषांतराची झेरॉक्स. आता साल कुठलं टाकणार?

"तो वर्गात बोलला तेव्हाचं," आई म्हणाली. "छापणारे काय, केव्हाही छापतात."

मी आपल्या सवयीने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादीतलं साल मृत्यूच्या सालापेक्षा मोठं असेल तर एरर. चालवली तर सात एरर. पर्सचे लेखसंग्रह १९३१ पासून पुढे छापून आले, तो गेला १९१४ मध्ये. स्क्रिप्टच्या मते हा माणूस मेल्यावर सतरा वर्षांनी लिहायला बसला होता. मी हसलो, आई हसली नाही. म्हणाली, "आपण रोज असंच करतो. गेलेल्या माणसाला आपल्या सोयीच्या सालात ओढतो. 'आज ते असते तर म्हणाले असते', वगैरे. हा नियम म्हणतो, जेवढं म्हणाला तेवढंच, आणि म्हणाला तेव्हाच."

बाबांबद्दल बोलतेय हे मला कळलं. मी पुढच्या एररकडे वळलो. बाबा २२ एप्रिल २०२१ ला गेले. त्या महिन्यात किती घरांतून माणसं गेली हे वेगळं सांगायला नको. तेराव्याला मोजून सहा जण होतो.

आता चित्रं. चार फोटो होते, नियम असा की ३०० डीपीआय आणि छापील अंकासाठी कृष्णधवल. केले कृष्णधवल आणि पेपरच संपला! कारण लाल कुंकू आणि काळी टिकली दोन्ही एकसारखीच काळी दिसायला लागली. शुद्ध लाल रंग ग्रेमध्ये नेला तर २५५ पैकी जेमतेम ७६ उरतो, काळा म्हणजे शून्य, आणि कुंकू तर गडद लाल, म्हणजे आणखी खाली. ज्या फरकावर बायकांचं आख्खं आयुष्य उलटंपालटं होतं तो फरक प्रिंटरला दिसतच नव्हता. शेवटी प्रत्येक चित्रात बाण काढून "लाल", "काळी" असं लिहिलं. चिन्हाला चिन्हाचा टेकू.

चौथ्या चित्राला मात्र काहीच करावं लागलं नाही. ते कृष्णधवलमध्ये उलट जास्त स्पष्ट झालं. भुवयांपासून केसांपर्यंत नुसतं कपाळ, आणि मधोमध टिकलीएवढा पांढरा गोल डाग. खाली ओळ: निवेदक ७, वय ५७, शिक्षिका.

हा डाग पेपरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा होता. टिकलीच्या गोंदातल्या काही रसायनांनी काहीजणींच्या कातडीचा तेवढाच रंग जातो. त्वचेचे डॉक्टर याला कॉन्टॅक्ट ल्यूकोडर्मा म्हणतात. आता पर्सने चिन्हांचे तीन प्रकार सांगितलेत. सारखेपणावर चालतं ते आयकॉन, उदाहरणार्थ फोटो. रूढीने ठरतं ते सिम्बॉल, उदाहरणार्थ शब्द. आणि प्रत्यक्ष संबंधातून उमटतं ते इंडेक्स, म्हणजे आपल्या न्यायशास्त्रातला पर्वतावरचा धूर. आई लिहिते, की टिकली हे रूढीचं चिन्ह. रूढी म्हणाली काढ, की काढता येतं. पण तीस वर्षं लावलेल्या टिकलीने कातडीवर ठेवलेला डाग रूढीच्या ताब्यात नाही. सिम्बॉल पुसला, इंडेक्स राहिला. ठराव दोन्ही बाजूंनी काहीही होवोत.

मला हे फार आवडलं. खरंच. मी रेझोल्यूशन तपासायला फोटो झूम केला. २०० टक्के, ४०० टक्के. डाव्या भुवईच्या वर एक बारीक खड्डा होता. कांजिण्यांचा असतो तसा.

तो खड्डा मी ओळखतो. लहानपणी आईच्या मांडीवर पडून मी त्यात बोट घालायचो.

पुढचं काम होतं नावं काढून टाकायचं. परीक्षकांना लेखक कोण ते कळता कामा नये, म्हणून फाईलमधून लेखकाचं नाव, जुन्या दुरुस्त्यांवरची नावं, आभार, सगळं पुसायचं. फोटोंच्या पोटातही माहिती असते: कुठला फोन, कुठली तारीख, किती वाजता. पुसायच्या आधी मी ती वाचली. सवय आहे. लॉग न वाचता डिलीट करायचा नाही.

२ मे २०२१. पहाटे ३ वाजून ४७ मिनिटं. पुढचा कॅमेरा.

आदल्या दिवशी दहावा झाला होता. आत्याने आईची टिकली काढली होती. आत्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तिच्यासोबतही कुणीतरी तसंच केलं होतं. बाथरूमच्या आरशाच्या कडेला आईच्या सात-आठ टिकल्या चिकटलेल्या होत्या, रात्री झोपताना काढून लावायची तशा. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. शेजारच्याच खोलीत झोपलो होतो. सकाळी उठलो, चहा घेतला, लॉगिन केलं. नंतर महिनाभर आईच्या कोऱ्या कपाळासमोर बसून जेवलो. मला डाग दिसला नाही. मग एक दिवस तिने बारीक काळी टिकली लावली, तीही मला दोन दिवसांनी दिसली.

आई स्वयंपाकघरात होती. लॅपटॉप तसाच घेऊन गेलो.

"आई, सात नंबर तू आहेस."

तिने गॅस बारीक केला. "कशावरून?"

"कांजिण्या."

"मग तो खड्डा कापून टाक फोटोतून. परीक्षकांना काय कळतंय."

"परीक्षकांचं नाही म्हणत मी." आवाज जरा चढलाच माझा. "तू तुझीच मुलाखत घेऊन खाली निवेदक ७ लिहिलंस. हे चालत नाही, आई. डेटा कुठून आला ते सांगायला नको का?"

खरं तर मला दुसरंच विचारायचं होतं. पण आम्ही इंजिनिअर लोक, डेटाच्या आडून बोलतो.

ती बराच वेळ भाजी ढवळत राहिली. मग म्हणाली, "बाईने 'मी' लिहिलं की लोक पेपर वाचत नाहीत रे, बाई वाचायला लागतात. बिचारी, किती सोसलं, असं. मला बिचारी व्हायचं नव्हतं. मला मुद्दा मांडायचा होता."

"आणि फोटो? त्या रात्री?"

"झोप येत नव्हती. आरशात बघितलं तर डाग. तीस वर्षं होता, पण त्याला उघडं घेऊन मी कधी घराबाहेर पडले नव्हते. वाटलं, ह्यांच्या माघारी हा एकच राहिला, ह्याला कुणी काढू शकत नाही. म्हणून काढला फोटो. पेपर-बिपर तेव्हा डोक्यात नव्हता."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं चार वर्षांपूर्वी होतं.

रात्री जेवण झाल्यावर तीच लॅपटॉपपाशी येऊन बसली. पद्धतीच्या भागात एक वाक्य घालायला सांगितलं: चौदा निवेदकांपैकी एक प्रस्तुत लेखिका स्वतः आहे. कितवी, ते नाही. मी म्हटलं, तेही सांग. ती म्हणाली, "नाही. एवढं खरं आहे आणि एवढं पुरे आहे. बाकीच्या तेरा जणींनीही नावं दिलेली नाहीत, मी कोण टिकोजीराव?" मला तिचं पूर्ण पटलेलं नाही. अजूनही नाही. पण पेपर तिचा आहे. खड्डा कापायचा का विचारलं, तर म्हणाली राहू दे.

मग मी फोटोच्या पोटातली तारीख पुसली, तिच्यासमोरच. पुसायच्या आधी तिने ती वाचून घेतली आणि वहीत लिहून ठेवली. तिच्या शैलीपत्रकाप्रमाणे: घडलं तेव्हाचं साल, छापलं तेव्हाचं नंतर.

परवा निकाल आला. मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा. आईला वाटलं नापास झाली. मी सांगितलं, आमच्याकडे कोड रिव्ह्यू पहिल्या फटक्यात पास झाला तर कुणी वाचलाच नाही असं समजतात. एका परीक्षकाने पाणिनीचा भाग वाढवायला सांगितलाय, दुसऱ्याने लिहिलंय की चौथं चित्र थोडं मोठं छापा. संदर्भयादीत अकरा चुका निघाल्या, त्यातल्या नऊ माझ्या.

हे सगळं लिहू का, असं आईला विचारलं. म्हणाली, लिही, फक्त शुद्धलेखन बघ.

तर या शुक्रवारी परत रात्रीची बस. तुमच्याही घरी कुणाचं श्रीलिपीत टाईप केलेलं काही जुन्या सीडीत नाहीतर पेनड्राईव्हवर पडून असेल, तर त्यांना उघडता येत असेल तोवर युनिकोडमध्ये करून घ्या. आणि करताना वाचा. फार वेळ लागतो, पण वाचा.